परवलीचा शब्द

पहाऱ्यावरच्या शिपायाला रात्रींच्या अंधारांत आपला कोण व परका कोण हें ओळखण्याचें एक साधन असतें. तें म्हणजे परवलीचा शब्द. हा शब्द वेळोवेळीं बदलतो, तो शिपायानें निवडलेला नसतो, आणि त्याचा अर्थ त्याला आवडला कीं नाहीं असें कोणी विचारीत नाहीं. तो ध्यानांत ठेवावयाचा आणि प्रसंग येतांच उच्चारावयाचा, एवढेंच त्याचें काम. जर्मन भाषेंत ह्यास ‘लोझुंग’ म्हणतात. आणि हेंच नांव धारण करणारी एक लहानशी पुस्तिका सॅक्सनी प्रांतांतील हेर्नहूट नांवाच्या गांवाहून १७३१ सालापासून दरसाल प्रसिद्ध होत आलेली आहे. वर्षांतील प्रत्येक दिवसासाठीं बायबलांतील एक वचन, अशी तिची मूळची मांडणी. एवढ्याशा पुस्तिकेचा इतिहास तो काय असावयाचा, असें वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु धर्मग्रंथाचा रोजचा चिमूटभर अंश माणसाच्या आचरणांत किती उतरतो, हा प्रश्न कोणत्याही धर्माच्या अनुयायांस लहान वाटूं नये. आणि ह्या प्रश्नाचा उलगडा करण्यास हेर्नहूटच्या पुस्तिकेइतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

आमच्याकडे नित्यपाठाची कल्पना नवी नाहीं. वारकऱ्याचा हरिपाठ, कोणाचा ज्ञानेश्वरीच्या ओव्यांचा नेम, कोणाच्या घरीं दिवेलागणीस म्हटलीं जाणारीं स्तोत्रें, हें सर्व आमच्या परिचयाचें आहे. त्याचबरोबर आणखी एक चालही आमच्या परिचयाची आहे. कोंकणांत व गोमंतकांत देवाला कौल लावतात. मूर्तीस पाकळ्या चिकटवावयाच्या, मनांतला प्रश्न गुरवाकडून देवास घालावयाचा आणि पाकळी उजवीकडची पडते कीं डावीकडची हें पाहून निर्णय करावयाचा. नेम आणि कौल ह्या दोहोंत देवाशीं संबंध येतो खरा, पण त्यांचा स्वभाव अगदीं निराळा. नेम माणसाला रोज देवाच्या दारीं उभें करतो. कौल अडचणीच्या वेळीं देवाकडून उत्तर मागतो. आतां गंमत अशी कीं, जर्मन भाषेंत ‘लोझुंग’ ह्या शब्दाचा शेजारी ‘लोस’ हा शब्द होय, आणि त्याचा अर्थ चिठ्ठी असा आहे. हेर्नहूटच्या पुस्तिकेंतील मुख्य वचनेंही चिठ्ठ्या काढूनच ठरविलीं जातात. तेव्हां ही पुस्तिका नेम आहे कीं कौल आहे, हाच आमच्या ह्या लेखाचा विषय.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगणें अवश्य आहे. धर्मग्रंथ नेमानें वाचण्याची चाल ख्रिस्ती मंडळींत फार जुनी आहे. सहाव्या शतकांतील संत बेनेडिक्ट ह्यानें आपल्या मठांसाठीं जे नियम घालून दिले, त्यांत स्तोत्रसंहितेंतील दीडशें स्तोत्रें एका आठवड्यांत म्हणून झालीं पाहिजेत असा दंडक आहे. इंग्लंडांत क्रॅन्मर ह्यानें १५४९ च्या प्रार्थनापुस्तकांत जुना करार वर्षांतून एकदां व नवा करार तीनदां वाचून व्हावा अशी व्यवस्था लावून दिली. परंतु मठ काय किंवा देऊळ काय, दोन्हीं ठिकाणीं वाचणारा एक आणि ऐकणारे पुष्कळ. सुताराच्या किंवा विणकराच्या घरीं ग्रंथ पोंचावयाचा तर दोन गोष्टींची गरज होती. ग्रंथ त्याच्या बोलीच्या जवळचा पाहिजे, आणि त्याची किंमत त्याच्या ऐपतीची पाहिजे. पहिली गोष्ट लूथरनें केली. त्याचा नवा करार १५२२ मध्यें व संपूर्ण बायबल १५३४ मध्यें बाहेर पडलें. दुसरी होण्यास मात्र जवळजवळ दोन शतकें लागलीं. १७१० मध्यें कान्स्टाइन नांवाच्या सरदारानें हाल शहरीं एक संस्था काढली व बायबलाचे जुळविलेले टाईप न मोडतां तसेच ठेवून पुनःपुन्हां छपाई करण्याची युक्ति योजिली. त्यामुळें ग्रंथ स्वस्त झाला. तत्पूर्वींच, १६७५ मध्यें, श्पेनर नांवाच्या धर्मोपदेशकानें सामान्य लोकांनीं घरोघर जमून ग्रंथाचें वाचन करावें असा पुरस्कार केला होता. अशा रीतीनें वाचक तयार झाला होता व ग्रंथही हातीं आला होता. उणीव होती ती रोजच्या नेमाची.

ती भरून काढणारा पुरुष निकोलस लुडविग फॉन झिंझेंडॉर्फ हा होय. त्याचा जन्म १७०० सालीं ड्रेस्डेन येथें झाला. लहानपणीं तो हालच्या शाळेंत शिकला व पुढें कायद्याचें अध्ययन करून सॅक्सनीच्या दरबारीं नोकरीस राहिला. १७२२ मध्यें त्यानें बेर्टेल्सडॉर्फची जहागीर विकत घेतली. त्याच वर्षीं शेजारच्या मोराव्हिया प्रांतांतून धर्मछळामुळें पळालेलीं कांहीं कुटुंबें त्याच्या आश्रयास आलीं. यान हुस ह्यास १४१५ मध्यें जाळण्यांत आल्यावर त्याच्या विचारांच्या लोकांनीं जो बंधुसंघ स्थापन केला, त्याचे हे वंशज. त्यांचा म्होरक्या क्रिस्टियान डाव्हिड हा सुतार होता. त्यानें १७ जून १७२२ रोजीं रानांतील पहिलें झाड तोडून वसाहतीस आरंभ केला. वसाहतीचें नांव पडलें हेर्नहूट, म्हणजे प्रभूचा पहारा.

पहिलीं पांच वर्षें मोठ्या गुण्यागोविंदानें गेलीं असें मात्र कोणीं समजूं नये. छळ सोसून आलेलीं माणसें एकमेकांचा छळ करीत नाहींत, हा समज भोळेपणाचा आहे. मोराव्हियाचे लोक, लूथरच्या मताचे लोक, आणखी इतर पंथांचे लोक, असे दोनशेंहून अधिक जीव एका लहान वसाहतींत दाटीनें राहूं लागले, आणि उपासनेच्या पद्धतीवरून त्यांच्यांत विकोपाचीं भांडणें लागलीं. अखेर झिंझेंडॉर्फ दरबारचें काम सोडून गांवांत येऊन राहिला. मे १७२७ मध्यें त्यानें सर्वांच्या संमतीनें आचरणाचे नियम ठरविले, आणि १३ ऑगस्ट रोजीं बेर्टेल्सडॉर्फच्या देवळांत सर्वांनीं एकत्र प्रभुभोजन घेतलें. संघाचा खरा जन्मदिवस तोच असें ते लोक मानतात. समेट झाला, पण समेट होणें वेगळें आणि टिकणें वेगळें.

३ मे १७२८ च्या सायंउपासनेंत झिंझेंडॉर्फनें दुसऱ्या दिवसासाठीं म्हणून एक छोटें वाक्य मंडळीस दिलें. सकाळीं एक बंधु तें घेऊन घरोघर फिरला. पुढें हीच रीत पडली. रोज सकाळीं कोणी तरी दार ठोठवी, त्या दिवसाचें वचन सांगे, घरच्या माणसांची विचारपूस करी व पुढच्या दाराशीं जाई. आमच्या मतें ह्या पद्धतीचें मर्म वचनापेक्षां त्या दार ठोठावण्यांत अधिक आहे. काल ज्याच्याशीं भांडलों त्याच्याही घरीं आज तोच शब्द पोंचला आहे, ही जाणीव भांडखोर गांवाला बांधून ठेवणारी होती. १७३१ सालाकरितां वर्षभराचीं वचनें प्रथमच छापून निघालीं आणि दारावरच्या माणसाची जागा पुस्तिकेनें घेतली. आजही हेर्नहूट येथें जुन्या करारांतील सुमारें १८०० निवडक वचनांतून एकेका दिवसासाठीं एकेक चिठ्ठी काढतात, आणि तीही सुमारें तीन वर्षें अगोदर. मग संपादक त्या वचनाशीं जुळेल असें नव्या करारांतील दुसरें वचन विचारपूर्वक निवडतो व त्याखालीं एखादें पद किंवा प्रार्थना देतो. म्हणजे पहिलें वचन दैवाधीन आणि दुसरें विवेकाधीन.

आतां चिठ्ठीचा विचार करूं. अठराव्या शतकांत हेर्नहूटच्या मंडळींत चिठ्ठीचें प्रस्थ फार होतें. कोणास परदेशीं पाठवावें, कोणास अधिकार द्यावा, इतकेंच काय पण कोणी कोणाशीं लग्न करावें, हेंही चिठ्ठी टाकून पाहिलें जाई. १७४१ मध्यें लंडन येथें संघाचा मुख्य वडील नेमावयाचा होता. सुचविलेल्या प्रत्येक नांवास चिठ्ठी नकार देत गेली, तेव्हां ही जागा स्वतः ख्रिस्ताचीच असें ठरवून ती माणसाकरितां कायमची रिकामी ठेवण्यांत आली. ह्यांत श्रद्धा होती यांत शंका नाहीं. पण हा शुद्ध कौल होता यांतही शंका नाहीं. कौलाचे दोष त्यांस पुढें कळूं लागले. तरुण माणसें लग्नासारख्या बाबतींत चिठ्ठीचा निकाल मानीनात. एकोणिसाव्या शतकांत हा प्रकार हळूहळू सैल होत गेला आणि १८८९ मध्यें संघानें कारभारांतील चिठ्ठी साफ सोडून दिली. रोजच्या वचनाची चिठ्ठी मात्र राहिली.

ती कां राहिली? कारण आमच्या समजुतीप्रमाणें तिचा जातिधर्मच वेगळा आहे. लग्नाची चिठ्ठी प्रश्न विचारून काढली जाई. वचनाची चिठ्ठी काढतांना कोणी कांहींच विचारीत नाहीं. तीन वर्षांनंतरच्या अमक्या मंगळवारीं कोणाच्या घरीं मूल जन्मेल व कोणाच्या घरून प्रेत निघेल हें चिठ्ठी काढणारास ठाऊक नसतें. शिवाय तें वचन एकट्याचें नसतें. सुतकांतल्या घरींही तेंच आणि सणाच्या घरींही तेंच. वाचकास आपल्या सोयीचें वचन निवडतां येत नाहीं, हाच ह्या चिठ्ठीचा उपयोग. माणूस स्वतः निवडूं लागला तर गोड वचनें रोज वाचील आणि टोचणारीं पानें उलटून टाकील. चिठ्ठी ही आवड हिरावून घेते.

पण न विचारतां आलेल्या वचनाचाही कौल करून घेणारे लोक असतातच; आणि त्याहून मोठा धोका असा कीं, रोज वचन वाचूनही आचरणाचा मुख्य भाग अस्पर्श राहूं शकतो. ह्याचें उदाहरण खुद्द हेर्नहूटच्या इतिहासांत आहे. ऑगस्ट १७३२ मध्यें लिओनार्ड डोबर हा कुंभार व डाव्हिड निट्शमान हा सुतार असे दोघे जण सेंट थॉमस बेटावरील गुलामांस उपदेश करण्याकरितां हेर्नहूटहून निघाले. पुढच्याच वर्षीं दुसरे कांहीं बंधु ग्रीनलंडास गेले. जेथें पत्र पोंचण्यास महिनेच्या महिने लागत, तेथेंही घरचेंच वचन त्याच दिवशीं वाचलें जाई, ही गोष्ट हृदयास भिडणारी आहे. परंतु त्याच सेंट थॉमसवर संघानें १७३८ मध्यें एक मळा विकत घेतला, आणि त्याबरोबर मळ्यावरचे गुलामही घेतले. १७३९ मध्यें झिंझेंडॉर्फ स्वतः बेटावर गेला. तुरुंगांत पडलेल्या आपल्या बंधूंस त्यानें सोडविलें. पण गुलामांस मात्र दास्य ही ईश्वरी योजना समजून धन्याची आज्ञा पाळा, असाच उपदेश केला. शेंकडों वेळां करुणेचीं वचनें वाचणारे हे लोक. त्यांस हा विसंवाद टोचला नाहीं. एकेक वचन सुटें करून वाचलें म्हणजे सबंध ग्रंथाचा धाक लागत नाहीं, असें आम्हांस ह्यावरून वाटतें.

हिंदुस्थानाशींही ह्या संघाचा संबंध आहे. १७६० मध्यें त्याचे कांहीं लोक तरंगमबाडीस येऊन राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ते लाहूलमधील केलंग येथें व १८८५ मध्यें लेह येथें स्थायिक झाले. त्यांच्यांतील येश्के ह्याचा तिबेटी कोश १८८१ मध्यें प्रसिद्ध झाला व तो अभ्यासकांस अजूनही उपयोगी पडतो. मराठीशीं संबंध आला तो जरा आडवाटेनें. विल्यम केरी ह्यानें १७९२ मध्यें इंग्लंडांत आपल्या सहकाऱ्यांस परदेशगमनास प्रवृत्त केलें, तेव्हां त्यानें दाखला दिला तो ह्याच मोराव्हियन लोकांचा. तोच केरी पुढें बंगालमध्यें आला, आणि त्याच्या श्रीरामपूरच्या छापखान्यांतून १८११ मध्यें मराठी नवा करार निघाला. ह्या पहिल्या भाषांतराची मराठी ओबडधोबड होती. पंडिता रमाबाईंनीं केडगांवास मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून साध्या मराठींत केलेलें संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्यें, प्रसिद्ध झालें. खेड्यांतल्या बायकांस कळेल अशी भाषा पाहिजे, हा त्यांचा कटाक्ष होता. रोज वाचावयाचें तर भाषाही रोजची पाहिजे, हें बाईंनीं नीट ओळखलें होतें.

आतां आम्ही विसाव्या शतकाकडे वळतों, कारण पुस्तिकेची खरी कसोटी तेथें लागली. डीट्रिख बोनहोफर हा १९०६ मध्यें जन्मलेला जर्मन धर्मपंडित लहानपणापासून ही वचनें जाणत होता. हिटलरच्या राजवटीस शरण न जाणाऱ्या धर्ममंडळाकरितां १९३५ मध्यें फिंकेनवाल्ड येथें उपदेशक तयार करणारी जी शाळा निघाली, तिचा तो मुख्य होता. तेथें प्रत्येकानें रोज सकाळीं अर्धा तास एका छोट्या उताऱ्यावर निमूटपणें चिंतन करावें असा नियम होता. १९३७ मध्यें गेस्टापोनें शाळा बंद केली. त्या अनुभवावर त्यानें जें छोटें पुस्तक १९३९ मध्यें प्रसिद्ध केलें, त्यांत त्यानें एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. रोजचें वचन मोलाचें खरें, पण तें म्हणजे शास्त्र नव्हे; घरांत सबंध ग्रंथ क्रमानें, न गाळतां वाचला गेला पाहिजे. सेंट थॉमसच्या उदाहरणावरून आम्हांस जें वाटलें, तेंच हा वचनांचा प्रेमी आंतून सांगत होता.

त्याच वर्षीं त्याच्यावर प्रसंग आला. सैन्यांत भरती होण्याचें बोलावणें येणार हें दिसत होतें. मित्रांनीं खटपट करून त्यास अमेरिकेंत सुरक्षित जागा मिळवून दिली. १२ जून १९३९ रोजीं तो न्यूयॉर्कला उतरला, आणि उतरल्या दिवसापासून त्याच्या मनाची तगमग सुरू झाली. ह्या दिवसांची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे व तींत तो वेळोवेळीं त्या दिवसाच्या वचनाचा उल्लेख करतो. २४ जूनचें वचन यशयाचें होतें. श्रद्धावान पळून जात नाहीं, असा त्याचा जर्मन पाठांतील आशय. २६ जूनला तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांतली, हिवाळ्यापूर्वीं निघून ये ही विनंती त्याच्या वाचनांत आली आणि दिवसभर त्याचा पिच्छा सोडीना. ७ जुलैच्या रात्रीं तो परतीच्या बोटींत चढला. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेस युद्ध पेटलें.

ही हकीकत पुष्कळ ठिकाणीं अशी सांगतात कीं, वचनानें त्यास परत पाठविलें. तारखा पाहिल्या तर तसें दिसत नाहीं. अमेरिकेंतील काम नाकारीत असल्याचें त्यानें २० जून रोजींच कळविलें होतें. म्हणजे हीं दोन्हीं वचनें पुढें येण्यापूर्वींच निर्णय झालेला होता. आणि २० जूनचें वचन कसें होतें? त्यांत धीर नव्हता. ईश्वराच्या कठोर न्यायाविषयीं तें होतें, आणि त्याच्या उजेडांत आपल्या धैर्याच्या निर्णयांतही भीति व स्वार्थ किती मिसळला आहे हें ईश्वर पाहतो, अशी टोंचणी त्यानें नोंदविली आहे. कौल लावणारा मनुष्य वचनापाशीं आपली चिंता उतरवून हलका होतो. येथें वचनानें त्याची चिंता वाढविली, त्याच्या शौर्याचा तोराही उतरविला. आणि निर्णयाचा भार मात्र त्याच्याच खांद्यावर ठेवला. नेम आणि कौल ह्यांतला भेद ह्याहून स्पष्ट आम्हांस दाखवितां येणार नाहीं.

एप्रिल १९४३ मध्यें त्यास अटक झाली. बर्लिनच्या टेगेल तुरुंगांतून तो मित्रास ह्याच वचनांवरचीं चिंतनें लिहून पाठवीत असे. २० जुलै १९४४ रोजीं हिटलरच्या वधाचा प्रयत्न फसला. त्या कटांत त्याच्या आप्तांचा व त्याचाही संबंध होता. दुसऱ्या दिवशींच्या पत्रांत त्यानें काल व आजच्या वचनांचा उल्लेख केला आहे. ८ एप्रिल १९४५, रविवारीं, शेनबर्ग गांवच्या शाळेंत कोंडलेल्या सहकैद्यांच्या आग्रहावरून त्यानें उपासना चालविली व त्या दिवसासाठीं नेमलेल्या, यशया व पेत्र ह्यांच्या वचनांवर तो बोलला. उपासना संपते न संपते तोंच त्यास बोलावणें आलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं फ्लोसेनब्यूर्गच्या छावणींत त्यास फांशीं देण्यांत आलें.

ह्या कथेनें वाचकाचें मन भारावून जाईल हें आम्ही जाणतों. म्हणूनच दुसरी बाजूही येथें सांगितली पाहिजे. त्याच देशांत, त्याच दिवशीं, तेंच वचन असंख्य घरांत वाचलें जात होतें, आणि त्यांपैकीं बहुतेक घरांनीं शेजारच्या यहुद्यांस ओढून नेलें जात असतां तोंडांतून शब्दही काढला नाहीं. परवलीचा शब्द सर्वांस ठाऊक होता, पण पहारा करणारे थोडे. यास्तव पुस्तिकेनें बोनहोफरला घडविलें असें म्हणणें आम्हांस धाडसाचें वाटतें. जो मनुष्य सबंध ग्रंथ वाचीत होता, जो आपल्या काळाकडे उघड्या डोळ्यांनीं पाहात होता, त्याला रोजच्या वचनानें झोपूं दिलें नाहीं, इतकेंच म्हणणें खरें.

हेर्नहूट गांवाचा मध्यभाग युद्धाच्या अखेरच्या घटकेस, मे १९४५ मध्यें, जळाला. त्यांत मंडळीचें मोठें देऊळही गेलें. तें पुढें पुन्हां बांधलें. नंतर चाळीस वर्षें तो प्रदेश पूर्व जर्मनीच्या राजवटीखालीं होता, तरी पुस्तिकेचा क्रम चालूच राहिला. आज ती पन्नासांहून अधिक भाषांत निघते, आणि २०२४ मध्यें हेर्नहूटचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशांत झाला आहे. वारसा म्हणून गांव जपतां येतो. नेम तसा जपतां येत नाहीं, तो प्रत्येकास दररोज नव्यानें करावा लागतो. मग तो हेर्नहूटच्या विणकराचा असो, केडगांवच्या एखाद्या बाईचा असो, कीं पंढरीच्या वाटेवरील वारकऱ्याचा असो. वचन काय आलें यापेक्षां तें वाचून उठल्यावर आपण कोणाच्या दारीं गेलों, हाच प्रश्न शेवटीं उरतो. आणि हेर्नहूटच्या पहिल्या बंधूंनीं तर वाचण्याची सुरुवातच दार ठोठावून केली होती.